बारा आठवड्यांचा शिष्य

तिकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) सध्या एक वाद रंगलाय आणि इथे ब्रिटनमध्ये बसून तो वाचताना चिडचिड होते. एक बाजू म्हणते, शिष्यत्वाचा, म्हणजे येशूच्या मागे चालायला शिकवणारा, बारा आठवड्यांचा वर्ग काढा, पुस्तिका छापा, शेवटी पाळकसाहेबांच्या हस्ते प्रमाणपत्र द्या. दुसरी म्हणते, हे छोटे गट वगैरे विलायती खूळ. आपल्याला रविवारचा उपदेश, उपवास-प्रार्थना आणि वर्षाची संजीवन सभा पुरे. भांडण चाललंय ते कार्यक्रम कुठला यावर. एका माणसाला प्रौढ व्हायला किती काळ लागतो आणि तोवर त्याच्याबरोबर कोण राहणार, हे कुणी विचारत नाही.

विलायती म्हणणाऱ्यांनी आधी बायबलमधलं मार्क ३:१४ उघडावं. येशूने बारा जणांना नेमलं ते प्रथम ‘आपल्याबरोबर असावे’ म्हणून, पाठवणं नंतर. प्रेषित पौल इफिसात तीन वर्षं राहिला. अपुल्लोस हा उपदेशक भर सभास्थानात बोलत होता, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने त्याला घरी नेऊन नीट समजावलं; सभेत उभं राहून चूक काढली नाही. आणि आपलंच पाहायचं तर नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले येशूचे शिष्य एकत्र यावेत म्हणून. ते खूळ कुठल्या बोटीतून आलं होतं? घरोघर जाऊन वचन वाचून दाखवणाऱ्या बायबल-स्त्रियाही आपल्याच होत्या. आपणच त्यांना वार्षिक अहवालाच्या फोटोत बसवलं आणि विसरलो.

आता प्रमाणपत्रवाले. मेथडिस्ट या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती चळवळीचे ‘क्लास’ अभ्यासवर्ग म्हणून जन्मलेच नाहीत. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. बारा-बारा जणांचे गट करून दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायची ठरलं. गोळा करणारे दारोदार गेले तेव्हा घरातली भांडणं आणि दारू त्यांना दिसली, आणि चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या ध्यानात आलं की ज्याच्या शोधात आपण होतो ते हेच. पुढे दर तिमाहीला सभासदत्वाचं तिकीट मिळे, पण ते वागणूक कशी आहे हे पाहून. नुसत्या हजेरीवर नव्हे. त्याच्याही कितीतरी आधीची ‘प्रेषितीय परंपरा’ या नावाने ओळखली जाणारी नियमावली बाप्तिस्म्यासाठी साधारण तीन वर्षांची तयारी सांगते, आणि शेवटी उमेदवाराला आणणाऱ्यांना विचारते: याने विधवांचा मान राखला का? आजाऱ्यांना भेटला का? पाठांतराचं प्रमाणपत्र तिथे कामाचं नव्हतं.

कार्यक्रम वाढवले की माणसं वाढतात, या समजुतीचा हिशेब शिकागोजवळच्या विलो क्रीक या प्रचंड मंडळीने २००७ मध्ये स्वतःच मांडला. कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढतेच असं नाही, हे त्यांनी उघड कबूल केलं. आपल्याकडे मात्र विलो क्रीकचे जुने कार्यक्रम आत्ता कुठे मराठीत उतरतायत.

छोट्या गटाचा चालणारा साचा साधा आहे. तीन किंवा चार माणसं. पुरुष पुरुषांबरोबर, स्त्रिया स्त्रियांबरोबर. संख्या वाढली की एकाला गप्प बसायला आडोसा मिळतो, आणि बसतो तोच ज्याला बोलायची गरज असते. आठवड्यातून एकदा, दीड तास. मार्कचं शुभवर्तमान घ्यावं: सोळा अध्याय, आठवड्याला एक. सण, परीक्षा, आजारपणं धरून पाच महिने जातात, जाऊ द्यावेत. पहिली पंधरा मिनिटं मागच्या आठवड्याची: काय पाळायचं ठरलं होतं, पाळलं का? लाज वाटते म्हणून हाच भाग सर्वांत आधी गळतो, आणि तो गळला की नुसता बायबल अभ्यास उरतो. मत्तय २८:२० मध्ये आज्ञा आहे ती ‘पाळायला’ शिकवण्याची. मग उतारा दोनदा मोठ्याने वाचून चाळीस मिनिटं चर्चा. शेवटी प्रत्येकाने एकच गोष्ट ठरवायची, सात दिवसांत होईल अशी. ‘प्रीती वाढवीन’ चालणार नाही. ‘भावाशी अबोला आहे, शनिवारी फोन करीन’ चालेल. उरलेल्या वेळात एकमेकांसाठी प्रार्थना.

चालवणाऱ्याने एकतृतीयांशाहून जास्त वेळ बोलू नये. आपल्याकडे हे फार जड जाईल, कारण वडीलधारा माणूस बसला की उपदेश सुरू. पाचव्या आठवड्यापासून प्रत्येकाने आळीपाळीने गट चालवावा. मूळ चालवणाऱ्याने पाहावं आणि नंतर एकांतात एक चांगली आणि एक सुधारायची गोष्ट सांगावी. मार्क संपला की गट मोडायचा. रडारड होते, तरी मोडायचा. इथले होम ग्रुप न मोडता वर्षानुवर्षं चाललेत: तोच बुधवार, तीच किटली, तीच सात-आठ पिकली डोकी, आणि नव्या माणसाला बसायला खुर्ची आहे पण जागा नाही. २ तीमथ्य २:२ मध्ये पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ‘इतर’ अशा चार पिढ्या एका वाक्यात आहेत. गटातल्या चौघांपैकी एखादाच पुढचा गट धरू शकेल. बाकीच्यांना आणखी एक फेरी द्यावी. नवशिक्याला पदावर बसवू नये, हे तीमथ्यालाच लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, तरी मंडळीच्या दर निवडणुकीत आपण ते विसरतो.

बिघडतं कुठे? पहिलं, ‘प्रार्थनेचा विषय’ या नावाखाली चहाड्या. हजर नसलेल्या माणसाची गोष्ट गटात निघणार नाही, असा नियम पहिल्याच दिवशी करावा. गुप्ततेलाही मर्यादा आहे, तीही त्याच दिवशी सांगावी: मुलाला इजा, घरातली मारहाण, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, हे गटात दडपायचं नाही. डीबीएसचे (मुलांमध्ये काम करणाऱ्यांची गुन्हेगारी नोंद तपासण्याचे) फॉर्म भरताना आम्ही इथे कुरकुरतो, पण या एका बाबतीत आपल्याकडच्या ‘घरची गोष्ट घरात’ला जराही सूट देऊ नये. दुसरं, सत्ता. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या ‘शेफर्डिंग’ चळवळीत लोकांनी लग्न, नोकरीसारखे निर्णयही आपल्या ‘मेंढपाळा’ला विचारून घ्यायचे, इथवर मजल गेली, पुढे तिच्या म्होरक्यांपैकी काहींना माफी मागावी लागली. गट चालवणाऱ्याने पैसा, लग्न, नोकरी यांबद्दल प्रश्न विचारावेत, हुकूम देऊ नयेत, आणि त्याने स्वतःही दुसऱ्या कुठल्यातरी गटात हिशेब द्यावा.

मग एवढं इथे जमतंय का, असं विचाराल. फारसं नाही. रोटावर (चर्चमधल्या कामाच्या पाळ्यांच्या यादीत) नाव असतं, इलेक्टोरल रोलवर (चर्चच्या मतदार यादीत) नाव असतं, कॉफीला थांबलं की लोक हवामान विचारतात. इंग्रजीत प्रार्थना व्याकरणशुद्ध होते. पाप कबूल करायला मात्र मराठीच लागते, आणि ती ऐकणारं शेजारी कुणी नसतं. म्हणून तर राग येतो. ज्यांच्याभोवती रोज चार ओळखीची, आपल्या बोलीची माणसं आहेत, ती बसून प्रमाणपत्राची किनार सोनेरी असावी की निळी, यावर बैठका घेतायत.

या वादात एक विषय कुणीच घेतलेला नाही, तो घ्यावा. तरुण शिकायला, नोकरीला बाहेर पडतात तेव्हा मंडळी सभासदत्वाचा दाखला देते आणि सुटते. दाखला कपाटात राहतो. पौलाने फीबी या सेविकेला पाठवताना रोमच्या मंडळीला नुसतं नाव कळवलं नाही. तिला लागेल ती मदत करा, असंही सांगितलं. निघण्याच्या तीन महिने आधी तिथल्या एका माणसाशी, पाळकाशी नव्हे, फोनवर गाठ घालून द्यावी. पहिल्या चार रविवारी तो न्यायला येईल एवढं ठरवावं. आणि जुन्या गटातल्या एकाने सहा महिने दर आठवड्याला फोन करावा. परतायचं की नाही, हा प्रश्न त्या फोनवर काढू नये.