सात कोपरे, चार भिंती

वडिलोपार्जित जागेची वाटणी झाली आणि आमच्या वाट्याला दीड गुंठा आला. १०८९ गुणिले दीड, म्हणजे साधारण १६३३ चौरस फूट. "मोप झालं की!" म्हणणाऱ्यांनी नकाशा पाहिला नव्हता. एका बाजूने चुलत्यांची विहीर आत घुसलेली, दुसऱ्या बाजूची हद्द ओढ्याने आपल्या लहरीने आखलेली. कोपरे सात, काटकोन एकही नाही.

यात मोठ्यात मोठं चौकोनी घर बसवायचं. मी नकाशा टेबलावर चिकटवला, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतून मापाचा चौकोन कापला आणि सरकवत बसलो. डावीकडे सारला की विहिरीत, उजवीकडे सारला की ओढ्यात. जरा तिरका केला मात्र, काय सांगू, ऐसपैस बसला! नेमके तेव्हाच सासरे टपकले.

"जावईबापू, घर दिशेला तिरकं? आणि प्लॉट वाघमुखी आहे, ठाऊक आहे ना?"

पुढे रुंद, मागे निमुळती ती वाघमुखी; वास्तुवाल्यांच्या मते दुकानाला बरी, राहायला नको. राहायला गोमुखी हवी. लेक वाघाच्या जबड्यात नांदवायला ते तयार होईनात.

चिरंजीव संगणक शिकतात. ते म्हणाले, "बाबा, याच्यासारख्या एका कोड्याला आमच्यात बटाटा सोलणं म्हणतात." वेड्यावाकड्या आकारातून, कुठेही खळगा नसलेला मोठ्यात मोठा तुकडा काढायचा. चँग आणि याप यांनी १९८६ साली त्याची रीत छापली. पण तिचा हिशोब कोपऱ्यांच्या सातव्या घाताने फुगतो. कोपरे दुप्पट, तर काम १२८ पट! शिवाय निघालेला तुकडा चौकोनीच असेल असंही नाही. पाचकोनी खोलीत गोदरेजचं कपाट कुठे टेकवायचं, यावर दोघेही गप्प.

मग इंजिनिअरने सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीलगतची मोकळी जागा, सोडायला लावली आणि चौकोन आणखी आकसला. उरलेल्या तिकोनांना मात्र भलती मागणी. एकात आईची तुळस, एकात चिरंजीवांची बाइक, ईशान्येला सासऱ्यांची बोअर. सगळं आखून झाल्यावर मिस्त्रीने तंबाखू मळत विचारलं, "साहेब, घर कुठं घ्यायचं?"

"अहो, वर माडी चढवा ना," बायको म्हणाली. मला पटलं. मिस्त्रीने जिन्याचं माप टाकलं. आतून घेतला तर स्वयंपाकघर जातं, बाहेरून घेतला तर थेट विहिरीत उतरतो.

चुलत्यांना विचारलं. म्हणाले, "उतरू दे की. पाणी तेवढं भरायचं नाही."