ऑफर नेमकी कशासाठी असते?

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत तेल आणि साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावायला सांगितलं. बातमीत नागपूरच्या एम्सचं नाव आलं आणि बघता बघता तिचं ‘समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा’ झालं. सरकारने खुलासा केला की हे कुठल्याही एका देशी पदार्थाविरुद्ध नाही, खाण्यात दडलेल्या चरबी-साखरेबद्दलचं सर्वसाधारण आवाहन आहे. पण तोवर आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चांगलीच जुंपली होती. पुण्याचे काका म्हणत होते, “वडापाव-समोशावर बोट ठेवता, मग बर्गर-पिझ्झाला मोकळं रान का?” आतेबहिणीचं म्हणणं, तळलेलं ते तळलेलंच, देशी काय आणि परदेशी काय.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, घरात दोन शाळकरी मुलं आहेत. तेलाच्या हिशेबात आतेबहीण बरोबर आहे. पण काकांच्या रागातही तथ्य आहे, फक्त ते देशी-परदेशीच्या भांडणात हरवून गेलं. नाक्यावरचा वडापाववाला माझ्या मुलाचा पाठलाग करत नाही. मुलगा शेवटचा कधी आला, काय घेतलं, किती दिवस फिरकला नाही, याची नोंद त्याच्याकडे नसते. फास्ट फूडच्या साखळी दुकानांच्या मोहिमा बेतल्या जातात त्या या नोंदीसाठीच. इथल्या सरकारने गेल्या काही वर्षांत अशा मोहिमांवर कायदे केले आणि कंपन्यांनी त्यातून वाटा काढल्या. भारतात असे नियम लिहायची वेळ येईल तेव्हा त्या वाटा माहीत असाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

मार्केटिंगवाल्यांच्या दृष्टीने प्रत्येक ऑफरला एक ठरलेलं काम असतं. नवं गिऱ्हाईक आणायचं, जुन्याला वारंवार यायला लावायचं, दर बिलाची रक्कम वाढवायची, दुपारी ओस पडलेलं दुकान भरायचं. मॅकडोनाल्ड्सने भारतात २००४ मध्ये वीस रुपयांचा मेन्यू आणला, तो काचेबाहेरून बघून पुढे जाणाऱ्या माणसाला आत आणण्यासाठी. त्याच कंपनीने जून २०२४ मध्ये अमेरिकेत पाच डॉलरचं जेवण आणलं, कारण भाव वाढल्यामुळे कमी उत्पन्नाची माणसं येईनाशी झाली होती. इथवर मला काही गैर वाटत नाही. धंदा करणारा गिऱ्हाईक ओढणारच.

‘मोनोपॉली’ची मोहीम मात्र नीट बघण्यासारखी आहे. आपल्याकडच्या ‘व्यापार’ खेळासारखा हा खेळ. मॅकडोनाल्ड्सने १९८७ मध्ये अमेरिकेत तो बक्षीस योजना म्हणून आणला आणि पुढे तो ब्रिटनमध्येही रुळला. फ्राइजच्या पाकिटावर, पेयाच्या ग्लासवर स्टिकर असतात. ते सोलले की कधी लगेच बक्षीस मिळतं, कधी जागेचं नाव मिळतं. एका रंगाच्या सगळ्या जागा जमल्या की मोठं बक्षीस. प्रत्येक संचात एक जागा जवळजवळ मिळतच नाही, बाकीच्या भराभर मिळतात. त्यामुळे आपलं अगदी थोडक्यात राहिलंय, अशी भावना होत राहते. लगेच मिळणारं बक्षीस पुष्कळदा खाण्याचंच असतं, म्हणजे ते घ्यायला पुन्हा दुकानात जायचं. जितकी पाकिटं, तितके स्टिकर. टाइप २ मधुमेह आटोक्यात आणलेले ब्रिटनच्या मजूर पक्षाचे तेव्हाचे उपनेते टॉम वॉटसन यांनी २०१९ मध्ये, ही मोहीम सार्वजनिक आरोग्याला घातक आहे, असं सांगून ती बंद करण्याची मागणी केली. मोहीम बंद झाली नाही. पुढे त्यात दुहेरी स्टिकर आले. एक तिथल्या तिथे सोलायचा आणि दुसऱ्याचा कोड कंपनीच्या अ‍ॅपमध्ये भरायचा.

अ‍ॅपची ही भर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डिसेंबर २०१८ मध्ये बर्गर किंगने अमेरिकेत एक सेंटला आपला व्हॉपर नावाचा बर्गर देऊ केला. अट एकच, ऑर्डर आपल्या अ‍ॅपवरून द्यायची आणि तीही मॅकडोनाल्ड्सच्या दुकानापासून सहाशे फुटांच्या आत उभं राहून. लोकांना गंमत वाटली, फ्रान्समधल्या कान शहरातल्या जाहिरात महोत्सवात मोठी पारितोषिकं मिळाली. नऊ दिवसांत पंधरा लाखांच्या आसपास लोकांनी अ‍ॅप उतरवून घेतलं. एका सेंटात बर्गर विकून कोणाचं पोट भरत नाही. हाती लागलं ते इतक्या माणसांच्या फोनवरचं कायमचं ठाणं.

त्या ठाण्याचा उपयोग कसा होतो, हे मी घरात बघते. आमच्या भागातल्या एका साखळीचं अ‍ॅप मुलाने मित्राच्या वाढदिवसाला फोनवर घेतलं, कारण पहिल्या ऑर्डरवर फ्राइज फुकट होते. आता शुक्रवारी शाळा सुटते त्याच सुमाराला त्याचा फोन वाजतो. “तुझे पॉइंट संपत आलेत, आजच वापर.” दुकानात काउंटरवर माणूस नसतो, ऑर्डर घेणारा उंच पडदा (स्क्रीन) असतो. साधं जेवण निवडलं की पडदा विचारतो, मोठं करायचं का? नको म्हटलं की सॉस हवा का, गोड काही हवं का? तीन वेळा नको म्हणायला बारा वर्षांच्या मुलाला जड जातं, मित्र मागे उभे असताना तर फारच. माणूस विचारत असता तर दुसऱ्या नकारानंतर तो थांबला असता.

आता कायद्याचं बघू. लंडनच्या मेट्रो आणि बसवर जंक फूडच्या जाहिरातींना फेब्रुवारी २०१९ पासून बंदी आहे. पाकीटबंद जंक फूडवर एकावर एक फुकट आणि गोड पेय पुन्हा पुन्हा फुकट भरून देणं इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालं. ५ जानेवारी २०२६ पासून अशा पदार्थांची जाहिरात टीव्हीवर रात्री नऊच्या आधी दाखवता येत नाही आणि इंटरनेटवर पैसे देऊन अजिबात करता येत नाही. प्राथमिक शाळा संपवताना इंग्लंडमधल्या पाचातल्या एकाहून जास्त मुलांना लठ्ठपणा असतो. तेव्हा हे कायदे गरजेचे होते आणि मी त्यांच्या बाजूने आहे.

पण त्यांना दोन मोठी भोकं आहेत. जाहिरातीत ओळखता येईल असा पदार्थ दिसला नाही तर नुसत्या ब्रँडची जाहिरात चालते. मॅकडोनाल्ड्सने इथे २०२३ च्या जानेवारीतच एक जाहिरात केली होती. तिच्यात ना बर्गर, ना दुकान. ऑफिसातली माणसं एकमेकांकडे बघून नुसत्या भुवया उडवतात, आणि कुठे जायचं ते सगळ्यांना कळतं. दुसरं भोक म्हणजे कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप. त्यावरच्या सूचना पैसे देऊन केलेली जाहिरात ठरत नाहीत, म्हणून कायदा त्यांना हात लावत नाही. टीव्हीवरची वेळ बदलली तरी माझ्या मुलाच्या फोनवरचा शुक्रवार बदलत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोतही असंच झालं. पोषणाचे निकष न पाळणाऱ्या मुलांच्या जेवणासोबत फुकट खेळणं द्यायला तिथे २०११ च्या डिसेंबरपासून बंदी आली. मॅकडोनाल्ड्सने खेळण्याची किंमत दहा सेंट लावली आणि विक्री पुढे चालू ठेवली. चिलीने २०१६ मध्ये खेळण्याचं आमिषच बंद केलं, तिथे ही पळवाट उरली नाही.

भारतात २०२० पासून एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. नियम चांगला आहे, पण फोनवरच्या कूपनला पन्नास मीटरची हद्द माहीत नाही. आणि देशी-परदेशी ही रेघ इथे उपयोगाची नाही. जम्बोकिंग २००१ मध्ये मालाडला वडापाव घेऊनच सुरू झालं आणि आज स्वतःला भारतीय बर्गर म्हणवतं. उद्या कुठल्याही मराठी साखळीने पॉइंट वाटायला सुरुवात केली तर मुलावर होणारा परिणाम तोच असेल.

म्हणून फलकावर समोसा आहे की बर्गर, यावर वेळ घालवण्यापेक्षा मला तीन गोष्टी नियमात हव्या आहेत. अल्पवयीन मुलाच्या अ‍ॅपवर ऑफरची सूचना पाठवायला बंदी, खरेदीच्या बदल्यात खेळणं किंवा सोडत द्यायला बंदी, आणि पडद्याने एकदा नकार मिळाल्यावर पुन्हा न विचारणं. गाडीवाला आणि छोटी खानावळ यांना यातून मोकळं ठेवता येईल. ब्रिटनच्या जाहिरात कायद्यात २५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या धंद्यांना सूट आहेच. फ्रँचायझीचं एखादं दुकान लहान म्हणून निसटू नये, यासाठी एका नावाखालच्या सगळ्या दुकानांचे कर्मचारी इथे एकत्र मोजले जातात. भारतात कितीतरी साखळ्या फ्रँचायझीवरच वाढल्या आहेत, तेव्हा हे कलम पहिल्या मसुद्यातच यायला हवं.