फ्रेंच भाषिक आफ्रिकेत स्टार्टअप वाढत नाहीत? चार दावे आणि त्यांची उत्तरे

‘आफ्रिकेत पैसा लावायचा तर नायजेरिया, केनिया, इजिप्त नाहीतर दक्षिण आफ्रिका. फ्रेंच बोलणारे देश छोटे, कायदा जुनाट, चलन फ्रान्सच्या दावणीला बांधलेले आणि गुंतवलेला पैसा बाहेर काढायला वाट नाही.’ अशा आशयाचा मजकूर सोशल मीडियावर बराच फिरतो. त्यातले चारही दावे तपासायला हवेत.

बाजारपेठ छोटी? एकटा सेनेगल पाहिला तर छोटीच. पण सेनेगल, आयव्हरी कोस्ट, माली, बेनिन, टोगो धरून पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांचे चलन एक, सीएफए फ्रँक, आणि मध्यवर्ती बँकही एकच, डाकारची ‘बीसीईएओ’. लोकसंख्या १४ कोटींच्या आसपास. पेमेंटचे नियम देशागणिक नव्याने शिकावे लागत नाहीत. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या ‘वेव्ह’ कंपनीने पैसे भरणे आणि काढणे फुकट ठेवले, पाठवण्यावर फक्त १ टक्का घेतला. प्रतिस्पर्धी ‘ऑरेंज मनी’ सेवेलाही दर उतरवावे लागले. सप्टेंबर २०२१मध्ये वेव्हने २० कोटी डॉलर उभे केले, १.७ अब्ज डॉलर मूल्यांकनावर. संस्थापक अमेरिकन आहेत हे खरे, पण कंपनी मोठी झाली ती सेनेगलमध्ये.

कायदा जुनाट हा दावा तर सर्वांत चुकीचा. ‘ओहाडा’ या व्यापारी कायदे एकसारखे करणाऱ्या करारातल्या १७ आफ्रिकी देशांना कंपनी कायदा एकच लागू आहे आणि त्याचा अंतिम निवाडा अबिजानचे संयुक्त न्यायालय करते. २०१४च्या सुधारणेने ‘एसएएस’ हा सुटसुटीत कंपनीचा प्रकार आणला. त्याला किमान भांडवलाची अट नाही, प्राधान्य भाग (विशेष हक्क असलेले शेअर) देता येतात, अंतर्गत व्यवस्था बरीचशी कंपनीच्या नियमावलीत ठरवता येते. अमेरिकी ‘सेफ’ करार (आज पैसे, शेअर पुढच्या फेरीत) मात्र जसाच्या तसा चिकटवू नये. त्याऐवजी परिवर्तनीय रोखे, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे, काढावेत.

नवख्यांचा पाय घसरतो तो वेगळ्याच कलमावर. कंपनीची नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरते ती रक्कम) भागभांडवलाच्या निम्म्याखाली गेली, की ताळेबंद मंजूर झाल्यापासून चार महिन्यांत विशेष सभा बोलावून कंपनी गुंडाळायची का हे ठरवावे लागते. चालू ठेवली तर ठरावीक मुदतीत नेटवर्थ सावरावी लागते किंवा भांडवल घटवावे लागते. समजा ३० कोटी फ्रँक उभे केले आणि सगळे भागभांडवलात टाकले. २५ कोटी खर्चून तोटा झाला की उरतात ५ कोटी, म्हणजे १५ कोटींच्या बरेच खाली. तेच १ कोटी शेअरच्या दर्शनी किमतीत, म्हणजे भागभांडवलात, आणि २९ कोटी प्रीमियममध्ये, म्हणजे दर्शनी किमतीवरच्या जादा रकमेत, दाखवले असते, तर निम्मी मर्यादा ५० लाखांचीच राहिली असती. ई-मनीचा (मोबाइलवरच्या इलेक्ट्रॉनिक पैशांचा) परवाना हवा असेल तर ही सोय नाही, कारण २०१५च्या नियमांनुसार तिथे किमान भागभांडवलच ३० कोटी फ्रँक लागते. हा हिशेब गुंतवणुकीच्या पहिल्या फेरीआधीच मांडावा.

चलनाचे म्हणाल तर सीएफए फ्रँक युरोशी ६५५.९५७ या दराने बांधलेला आहे आणि १९९९पासून तो दर हललेला नाही. यावरचा राजकीय आक्षेप रास्त आहे. जानेवारी १९९४मध्ये याच चलनाची किंमत एका फटक्यात निम्मी केली गेली, हेही विसरू नये. पण डॉलरमध्ये परतावा मोजणाऱ्याने नायजेरियाशी तुलना करून पाहावी. २०२३च्या सुरुवातीला डॉलरला सुमारे ४६० नायरा पडत, फेब्रुवारी २०२४मध्ये १,५००च्या आसपास. नायरात दुप्पट झालेली गुंतवणूकही डॉलरमध्ये ६१ सेंटवर आली!

बाहेर पडायला वाट नाही, यात मात्र तथ्य आहे. मोठे सौदे मोजकेच. ट्युनिसमध्ये २०१४ साली सुरू झालेली ‘इन्स्टाडीप’ ही एआय कंपनी जर्मनीच्या बायोएनटेक या औषध कंपनीने २०२३मध्ये सुमारे ३६ कोटी पौंड आणि पुढच्या टप्प्यांवर अवलंबून आणखी रक्कम देऊन घेतली, पण तोवर तिचे मुख्यालय लंडनला गेले होते. सीएफए क्षेत्रातही होल्डिंग कंपनी (स्थानिक कंपनीची मालक असलेली कंपनी) अनेकदा डेलावेअर या अमेरिकी राज्यात असते आणि परवाना स्थानिक कंपनीच्या नावावर. म्हणून होल्डिंगकडून येणारी प्रत्येक रक्कम भांडवल आहे की भागधारकाचे कर्ज, हे ठरावात लिहावे आणि पैसा येतानाच स्थानिक बँकेत त्याची परकीय गुंतवणूक म्हणून नोंद करून पावती जपावी. हिस्सा विकून पैसे बाहेर नेताना बँक हेच कागद मागते, आणि ते नसले तर सौदा झाल्यावरही रक्कम खात्यात अडकून पडते.