जरा स्टूल धरायला या

नागपूरच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या पत्त्यात लेआउट असतो. शेत मोडून पाडलेले प्लॉट, मधून मुरमाचा रस्ता, कोपऱ्यात गजानन महाराजांचं नाही तर हनुमानाचं मंदिर, आणि चार घरांमागे एक रिकामा प्लॉट. त्याचा मालक पुण्याला असतो आणि त्याच्या प्लॉटवर आपली पोरं क्रिकेट खेळतात. सरकारदरबारी आमची ओळख आकड्यांची: अनधिकृत लेआउटच्या दोन याद्यांपैकी तुम्ही ५७२ वाले की १९०० वाले? २००१ चा गुंठेवारी कायदा आला तेव्हापासून प्लॉट नियमित करून त्याचं पत्र, म्हणजे 'आर.एल.', मिळवणं हे इथलं तीर्थाटन आहे. पण लेआउट ओळखायचा तर कागद पाहू नयेत. मार्चअखेर खिडक्या पाहाव्यात.

कारण एरवी फाटकावरूनच 'काय म्हणता' करणारी माणसं तेव्हा एकमेकांच्या अंगणात स्टूल धरून उभी असतात. कूलर एकट्याच्यानं चढत नाही. पत्र्याचा, कमरेएवढा, रिकामा असला तरी दोघांना घाम फोडणारा. तो अँगलच्या स्टँडवर चढवून तोंड खिडकीच्या चौकटीत बसवायचं. दोघं बाहेरून उचलतात, वहिनी आतून "अजून डावीकडे" म्हणतात. आतलं डावं ते बाहेरचं उजवं, हे आम्हाला दरवर्षी नव्यानं कळतं. तेवढ्यात शेजारचे काका निवांत येऊन विचारतात, "काहून बे, ताट्या भरल्या का आधी?"

ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या गवत भरायच्या जाळ्या, आधीच भरायच्या असतात. कूलर स्टँडवर चढला की भिंतीकडच्या ताटीला हात पुरत नाही. मागच्या वर्षीचं गवत उपसलं की त्यातून मीठ, मेलेली पाल आणि हरवलेला चमचा निघतो. वाळ्याची ताटी दोन-चार दिवस देवघरासारखा वास देते, म्हणून महाग. बाकीचे वुडवुलवर, म्हणजे लाकडाच्या बारीक किसावर, भागवतात. गवत जाळीत सारखं पसरायचं, साधारण दीड-दोन बोटं जाड. जास्त कोंबलं तर पंखा हवा ओढू शकत नाही आणि नुसता घरघरतो. कमी भरलं तर पाणी पडून गवत खाली बसतं, वर वीतभर भोक पडतं आणि सगळी लू त्या भोकातून थेट दिवाणावर. हवेलाही शॉर्टकट आवडतो, अस्सल नागपुरी आहे ती.

टाकी तारेच्या ब्रशनं घासून आतून काळा रंग मारायचा आणि तो पुरता वाळू द्यायचा. इथेच सगळे चुकतात. रंग ओला असताना पाणी भरलं की पहिला आठवडा खोलीत डांबराची सडक असते. मग पाणीपातळी. स्टँड एका बाजूला कलला तर वरच्या पन्हळीतलं पाणी एकाच बाजूला धावतं, एक ताटी चिंब आणि दुसरी कोरडी. उपाय म्हणून पायाखाली फरशीचा तुकडा. लेआउटात कुणाचंही बांधकाम निघालं की त्याच्या फरशीचे तुकडे चार घरांच्या कूलरखाली सापडतात.

पंप हा सगळ्यात लहान आणि सगळ्यात रुसका अवयव. गवताचा काडीकचरा त्याच्या जाळीत गेला की तो गुणगुणतो, पण पाणी चढवत नाही. बाहेर काढून जाळी धुतली, आतलं चक्र बोटानं फिरवलं की बहुतेक वेळा शहाणा होतो. कोरड्या टाकीत चालू राहिला तर मात्र जळतो, आणि तो जळायचा मुहूर्त नवतपातली, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांतली, दुपार असते. इथे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश झालं होतं. अशा दिवशी पंपाच्या दुकानात एमबीबीएसच्या दवाखान्यापेक्षा मोठी रांग लागते.

आता विनोद बाजूला ठेवायची जागा. पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी माणूस. जिल्ह्यात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. तरी प्लग सॉकेटात बसत नाही म्हणून अर्थिंगची वरची जाड पिन मोडणारे महाभाग प्रत्येक गल्लीत आहेत. आमच्याकडे वीज खात्यातून निवृत्त झालेले एक काका खिशात टेस्टर घेऊन फिरतात. पत्र्याला लावून तो मंद जरी पेटला तरी कूलर बंद करायला लावतात. "थोडासाच येऊन राहिला ना," असं कुणी म्हटलं की काका त्याच्या बायकोशी बोलतात. पाणी भरताना बटण बंद आणि प्लग बाहेर, हा त्यांचा कायदा लेआउटात गुंठेवारीपेक्षा काटेकोर पाळला जातो.

लू कोरडी असते म्हणूनच कूलर चालतो. पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं आणि पंचेचाळिशीची हवा ताटीतून अठ्ठावीस-तिशीची होऊन येते. पण तिला बाहेर जायला समोरची खिडकी थोडी उघडी हवी. मुंबईचे पाहुणे "गार हवा वाया जाते" म्हणून ती बंद करतात आणि तासाभरात गादी, पापड, पाहुणे सगळेच सादळतात.

मोठा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. पेंच धरणाचं पाणी नळाला येतं त्यांचं ठीक. बोअरवाल्यांच्या टाकीत पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी केली नाही तर मे महिन्यापर्यंत गवताचा दगड होतो. ते खारट पाणी कुणाच्या बाजूला सोडायचं, यावरून दोन घरांत मेपासून अबोला असतो. रात्री अकराला सगळे कूलर एकदम चालू होऊन डीपीवरचा फ्यूज उडाला की तो अबोला रस्त्यावर खुर्च्या टाकून सुटतो.

जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि त्याच दिवशी कूलर चिकट, कुबट हवा फेकू लागतो. उतरवायला मात्र स्टूल धरणारं कुणी सापडत नाही. मग महापालिकेची माणसं बॅटरी घेऊन टाक्या तपासत येतात. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावं लागतं. ते घासायला कूलर उघडावा, तर ताटीच्या गवतात कबुतरानं दोन अंडी घातलेली असतात. वहिनी म्हणतात, "राहू द्या आता. पिल्लं उडाली की पाहू."

पिल्लं उडतात तोवर दिवाळी येते.