७९ टक्के, तरी नापास

मे महिन्यात आमच्याकडं कोणी कोणाला तब्येत विचारत नाही. विचारायची गरजच नसते. पारा ४५च्या वर, कुलरच्या ताट्या वाळून खडखडीत, माणसं दुपट्ट्यात डोकं गुंडाळून सावलीसावलीनं सरकतात. कोण किती वाळलंय, कोण किती शेकलंय, सगळं समोरच दिसत असतं. अशा ऐन उन्हाळ्यात माझ्या फोनला मात्र आपली तब्येत जाहीर करायची हुक्की आली.

निमित्त झालं अपडेटचं. 'नंतर करू' म्हणत मी ते पुढं ढकलत होतो, पण एका रात्री गच्चीवर झोपायला गेलो आणि रेंज बरी होती. आमच्या घरात रेंज फक्त गच्चीच्या विहिरीकडच्या कोपऱ्यात येते, आणि तीही तिच्या मनात असेल तेव्हा. आल्यासरशी अपडेट टाकून दिलं. सकाळी उठून पाहतो तर घड्याळाचे आकडे वांग्याएवढे झालेले, सगळी चित्रं गोल गोल, आणि सेटिंगमध्ये बॅटरीच्या खाली एक नवी ओळ: 'बॅटरी हेल्थ'. दाबली. ७९ टक्के. त्याखाली बारीक अक्षरांत, क्षमता कमी झाली आहे, बॅटरी बदलण्याचा विचार करा.

हे मी मनात वाचलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण आमच्याकडं मनात वाचत नाहीत.

शेजारचे रिटायर गुरुजी चहाला आलेले होते. टक्के म्हटल्याबरोबर त्यांचे कान टवकारले. "७९? अरे मग पेढे आण न! पंच्याहत्तरच्या वर डिस्टिंक्शन असते."

बाबा म्हणाले, "आपल्या खानदानात एवढे टक्के आजवर कोणालेच पडले नाहीत."

"पण बाबा, हे कमी आहेत म्हणते फोन."

"कमी? पास कितीले हाय मंग?"

"ऐंशीले."

ओट्यावर शांतता पसरली. पस्तीसला पास होणाऱ्या राज्यात ऐंशीला पास म्हणजे काय, हे पचवायला गुरुजींनाही बशीभर चहा लागला. आई आतून म्हणाली, "अशा शाळेत पोरगं टाकूच नाही बाप्पा."

माझा भाचा बडनेऱ्याला इंजिनिअरिंगला आहे. परीक्षा आटोपून तो तेव्हा घरी आलेला होता, त्यामुळं तज्ज्ञ घरातच होता. त्यानं हिशोब सांगितला. बॅटरी ५००० मिलिअँपिअर अवरची, ७९ टक्के म्हणजे आता ती जेमतेम ३९५० ची राहिली. ऐंशीच्या खाली गेली की झिजली, असं बहुतेक कंपन्या धरतात.

"मंग मधातले हजार-पन्नास गेले कुठं?" बाबांनी विचारलं. बाबांनी आयुष्यभर कापूस विकला आहे. घट म्हटलं की ती कुठं गेली, हे ते विचारतातच.

"कुठं गेले नाहीत आबाजी, आतच आहेत. चार्ज करताना लिथियम एका बाजूनं दुसरीकडं जाते, फोन वापरताना वापस येते. दर फेरीत थोडं थोडं तिकडंच चिकटून बसते, वापस येत नाही."

"पुण्याले गेलेल्या पोरांसारखं," बाबा म्हणाले आणि त्यांना लिथियम कळलं. मला विचाराल तर इतकी नेमकी व्याख्या मी कुठंही वाचलेली नाही.

पण मला शंका वेगळीच होती. अपडेटच्या आधी फोन रात्रीपर्यंत टिकायचा, अपडेटनंतर दुपारीच लाल. म्हणजे ही तब्येत अपडेटनं बिघडवली की नुसती उघडकीला आणली? या शंकेला इतिहास आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अॅपलनं कबूल केलं होतं की जुन्या आयफोनची बॅटरी थकली की अपडेटमधून फोनचा वेग कमी केला जातो. कारण दिलं की फोन अचानक बंद पडू नये. लोक खवळले, कोर्टात गेले, २०२० मध्ये ५० कोटी डॉलरपर्यंत द्यायची तयारी कंपनीला दाखवावी लागली. बॅटरीची तब्येत टक्क्यांत दाखवायची सोय आयफोनवर आली ती त्या गोंधळानंतर, मार्च २०१८ मध्ये. आम्ही कोर्टात जायचं म्हटलं तर आधी शेताच्या बांधाची, म्हणजे धुऱ्याची, केस निकाली निघाली पाहिजे. ती आजोबांच्या नावावर आहे.

भाच्याचं म्हणणं, घाई करू नका. अपडेट झाल्यावर फोन आतल्या आत कामाला लागतो. सगळी अॅप नव्यानं जुळवतो, फोटोंची छाननी करतो, एक-दोन दिवस बॅटरी भराभर उतरते आणि मग आपोआप बसते. आणि तो टक्क्यांचा आकडा तरी कुठं मोजलेला असतो? आत किती करंट गेला, बाहेर किती आला, यावरून एक चिप अंदाज बांधते. अंदाज वर-खाली होतो.

एवढं ऐकून शहाण्या माणसानं फोन बाजूला ठेवला असता. मी दिवसभर तो आकडा पाहत बसलो. पाहण्यासाठी स्क्रीन लावायची, स्क्रीननं बॅटरी खायची, ती किती खाल्ली हे पुन्हा पाहायचं. पानठेल्यावर एकानं गुपित सांगितलं की स्टार हॅश स्टार हॅश चार सहा तीन सहा हॅश स्टार हॅश स्टार मारा, फोन पोटातलं सगळं बोलून टाकतो. मारलं. पोट उघडलं, पण त्यात सिमची माहिती निघाली, बॅटरीचं नावही नाही. मग बॅटरी तपासायचं एक अॅप घेतलं. ते म्हणालं, अचूक निदानासाठी काही वेळा पूर्ण चार्जिंग होऊ द्या. आणि निदान होईपर्यंत दर मिनिटाला रमीची जाहिरात. ते अॅप काढल्यावर फोन पहिल्यांदा थंड पडला.

दोन दिवसांनी आकडा ८१ झाला. "रिचेकिंगमंदी वाढले," असं बाबांनी ओट्यावर जाहीर केलं. पुढच्या आठवड्यात परत ७९. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

मग सुरू झाली पथ्यं. ही पथ्यं ज्या कोणी लिहिली, त्यानं आमचा तालुका नक्की पाहिलेला नाही. पथ्य पहिलं: फोन ३५ अंशांच्या वरच्या हवेत वापरू नका. आमच्याकडं ३५ अंश हे सकाळचं तापमान आहे. २०१३च्या मे महिन्यात नागपूरनं ४७.९ अंश गाठले होते, तेव्हा माणसं वापरात होती, फोनही होते. उष्णतेनं बॅटरी झिजते हे खरंच आहे, त्यात काही खोटं नाही. पण मग फोन ठेवायचा कुठं? फ्रिजमध्ये ठेवावा तर बाहेर काढल्यावर आत पाणी धरतो. शेवटी चार्जिंगच्या वेळी कव्हर काढून त्याला कुलरसमोर ठेवायचं ठरलं. कुलरसमोरची जागा बाबांची. आता तिथं स्टुलावर फोन आणि त्याच्यामागं बाबा. "ह्याची हवा गेली का मंग माही लावजो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

पथ्य दुसरं: वीस ते ऐंशीच्या मध्ये ठेवा, शंभर करू नका. तत्त्व बरोबर आहे. भरगच्च चार्ज आणि वर उकाडा, ही जोडी बॅटरीला फार वाईट. मी ऐंशीला पिन काढली, आणि तासाभरात लाइन गेली. डीपी, म्हणजे लाइनचा ट्रान्सफॉर्मर, जळली होती. ती बदलून यायला जे दिवस लागले, त्यात ऐंशीचे साठ, साठचे वीस, विसाचा अंधार. शेजारी ज्यांनी शंभर करून ठेवले होते, ते गच्चीवर आयपीएल पाहत होते. आमच्याकडं लाइन असते तेव्हा भरून घ्यायचं असतं, मग तो माठ असो, कुलरची टाकी असो की फोन.

या बॅटरीमागं ज्यांचं डोकं आहे, त्या जॉन गुडइनफ यांना २०१९ मध्ये दोघांबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा त्यांचं वय होतं ९७. पुढं ते शंभरापर्यंत जगले. निर्मात्याची ही प्रकृती, आणि माझ्या बॅटरीला तिसऱ्या वर्षी धाप.

शेवटी तालुक्याच्या मोबाइल दुकानात गेलो. त्या पोरानं आकड्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कव्हर काढलं, फोन काचेच्या काउंटरवर उताणा ठेवला आणि कोपऱ्याला बोटानं टिचकी दिली. फोन जागच्या जागी राहिला. मग पाठीच्या कडेनं नख फिरवून फट कुठं आहे का ते पाहिलं. "डुलला असता तर बॅटरी फुगली म्हणून समजलं असतं, मग आजच काढली असती. फुगलेली ठेवू नाही, धोका असते. तुमची फक्त म्हातारी झाली."

"बदलून दे न मग."

"देतो न. एक ओरिजिनल हाय, एक ओरिजिनलसारखी हाय."

"जास्त कोणती टिकते?"

त्यानं दुकानात दुसरं कोणी नाही हे पाहून घेतलं. "टिकायचं मनता भाऊ, तर हायेच तीच राहू द्या."

एवढ्या खऱ्या बोलण्यावर रिकाम्या हातानं उठणं बरं दिसेना, म्हणून त्याच्याकडून एक पॉवरबँक घेतली. हिची हेल्थ कुठं दिसते, विचारलं. तो म्हणाला, हिला टक्के-बिक्के नाहीत, बटण दाबलं की चार लाइट लागतात, बस. मला हायसं वाटलं. घरी आणून रात्रभर चार्जिंगला लावली, आणि सकाळी अंघोळीहून येतो तर ओट्यावर गुरुजी, बाबा आणि पानठेल्यावरचे दोघं डोक्याला डोकं लावून पॉवरबँकेवर वाकलेले.

"ये इकडं," बाबा म्हणाले. "चौथा काहून नाही लागून राह्यला?"