घाटातल्या चाहत्यासाठी चार शब्द

टूर द फ्रान्समधला डोंगराळ टप्पा प्रत्यक्ष बघायला निघालात? उत्तम. घाटात तिकीट लागत नाही. जगातले सर्वोत्तम सायकलस्वार फुकटात हाताच्या अंतरावरून जातात, आणि हाताशी आलेल्या गोष्टीला हात लावू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

घाट नामांकित निवडा. आल्प द्युएझ घ्या: 13.8 किलोमीटर, 21 वळणं, सरासरी चढ 8 टक्क्यांच्या वर. सपाटीवर ही मंडळी डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच पसार होतात. इथं वेग ताशी विसेक किलोमीटरवर येतो, म्हणजे ती सापडतात. शिवाय दमलेली असतात, प्रतिकार करत नाहीत. मुक्काम दोन दिवस आधीच ठोका. सातव्या वळणावर डच लोकांचा नारिंगी दरबार भरतो. तिथं शिरकाव झाला तर सकाळपासून बिअर सुरू होते आणि शर्यत पोहोचेपर्यंत तुमची विवेकबुद्धी हवी तेवढी पातळ झालेली असते.

शर्यतीच्या बऱ्याच आधी जाहिरातदारांच्या गाड्यांचा ताफा येतो. टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, खाऊच्या पुड्या उधळत जातो. दिवसातली खरी चुरस हीच. तुमचा हात शेजारच्या सहा वर्षांच्या पोरापेक्षा लांब आहे. निसर्गानं तो उगाच दिलेला नाही.

आता वेष. डिडी झेन्फ्ट नावाचे जर्मन गृहस्थ 1993 पासून लाल सैतान बनून, त्रिशूळ परजत रस्त्याकडेला नाचत आले आणि कित्येक सायकलस्वारांपेक्षा जास्त प्रसिद्ध झाले. तुम्ही निदान अंतर्वस्त्रांवर तरी या. आघाडीवीर दिसला की त्याच्याशेजारून धावा. वीस-पंचवीस मीटरच जमतं, पण तेवढ्यात त्याच्या कानात ओरडून घ्या. चार-पाच तास सायकल मारून आलेल्या माणसाला आपण चढ चढतोय हे कुणीतरी सांगायला नको का? त्याला श्वास पुरेनासा झाला असेल तर रंगीत धुराची नळकांडी पेटवा. फोटो सुरेख येतात.

कॅमेऱ्याचं तंत्र नीट समजून घ्या. पाठ शर्यतीकडे, तोंड टीव्हीच्या मोटारसायकलकडे. 2021 मध्ये एका बाईंनी घरच्या आजी-आजोबांसाठी फलक असाच धरला होता. जर्मन सायकलस्वार टोनी मार्टिन त्यावर आदळला आणि मागचे डझनावारी सायकलस्वार रस्त्यावर आडवे झाले. (तो टप्पा डोंगराळ नव्हता. वेगानं येणाऱ्या घोळक्यातही हे साधतं म्हटल्यावर घाटात तर सोपंच.) कोर्टानं पुढे 1200 युरो दंड केला. जगभरच्या पडद्यांवर झळकण्याच्या मानानं ही किंमत किरकोळच म्हणायची.

परंपराही मोठी आहे, दडपण घेऊ नका. 1975 मध्ये प्युई द दोमच्या चढावर एका प्रेक्षकानं त्या काळचा अव्वल सायकलस्वार एडी मर्क्स याला थेट ठोसा लगावला. मर्क्स ती टूर हरला. 1999 मध्ये आल्प द्युएझवर शेवटच्या किलोमीटरमध्ये एक छायाचित्रकार चाहता आघाडीवर असलेल्या जुझेप्पे ग्वेरिनीच्या समोरच उभा राहिला. ग्वेरिनी पडला, उठला आणि तरीही जिंकला. इतकी मदत करूनही काही लोक ऐकत नाहीत. 2018 मध्ये त्याच घाटात गर्दीत पडून इटलीचा सायकलस्वार निबाली याच्या मणक्याचं हाड मोडलं, तरी त्यानं टप्पा पुरा केला आणि मगच शर्यत सोडली.

मला स्वतःला 2016 चा माँ व्हाँतू डोंगरावरचा टप्पा सर्वात आवडतो. माथ्यावर वारा फार, म्हणून शेवट खाली आणला; साहजिकच सगळी गर्दीही खालीच दाटली. तिनं रस्ता इतका प्रेमानं अडवला की पुढची मोटारसायकल थांबली आणि रिची पोर्ट, मोलेमा आणि फ्रूम तिच्यावर जाऊन आपटले. फ्रूमची सायकल निकामी झाली, तेव्हा पिवळी (म्हणजे एकूण शर्यतीत पहिला असणाऱ्याची) जर्सी घातलेला हा माणूस चक्क पायी धावत सुटला. सायकलची शर्यत धावण्याची करून दाखवणं हे संघांना, प्रशिक्षकांना, आयोजकांना जमलेलं नव्हतं. अरसिक पंचांनी मात्र फ्रूमला मोलेमाइतकाच वेळ देऊन सगळी मजा घालवली.

लोखंडी कठडे लावून शेवटचे काही किलोमीटर चाहत्यांपासून हिरावून घेणारे आयोजकही याच माळेचे मणी. निषेध नोंदवा, आणि कठडे सुरू होतात त्याच्या अलीकडे उभे राहा.

आघाडीचे गेले की शर्यत संपली. लगेच खुर्ची, शीतपेटी, झेंडा उचलून रस्त्याच्या मधोमध खाली चालू लागा. अर्ध्या तासानं तिथंच एक घोळका वर येताना दिसेल. हे सपाटीवर वेगानं सायकल मारणारे किंवा दुसऱ्यांसाठी दिवसभर राबलेले गडी. ठरलेल्या वेळेत पोहोचले नाहीत तर उद्या घरी. पण टीव्हीचा कॅमेरा त्यांच्याकडे फारसा नसतो, मग बाजूला व्हायचं कशासाठी? त्यातला एखादा तुमच्यावर खेकसलाच तर घरी गेल्यावर त्याच्या संघाला सविस्तर तक्रार धाडा. नंबर त्याच्या पाठीवरच लिहिलेला असतो.