आधी चाळिशी गाठा

सोलापुरात राहता, एक पाय नीट चालत नाही आणि सरकारी नोकरी हवीय? अभिनंदन. तुमच्यासाठी कायदा आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ होते आणि राखीव जागा ३ टक्के. २०१६ च्या कायद्यात प्रकार २१ आणि जागा ४ टक्के. पंगतीला माणसं तिप्पट, भाकरी एक जास्त. शिवाय राज्याने २०२२ साली वेगळा दिव्यांग कल्याण विभागच काढला, म्हणजे अपंग म्हणवून घ्यायचीही सोय उरली नाही.

पहिलं काम, चाळिशी गाठा. वयाची नव्हे, टक्क्यांची. ३९ टक्के अपंगत्व म्हणजे परीक्षेत ३४ मार्क. लंगडणं तेवढंच, आरक्षण शून्य. आपल्या लोकांना एक वाईट खोड असते, कुणी बघतंय म्हटलं की ताठ चालायचं. घरातनं निघताना आई म्हणेलच, "नीट चाल रे, लोकं बघत्यात." टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरी तपासणीच्या दिवशी तेवढं आईचं ऐकू नका. अपंगत्वाच्या कार्डाचा अर्ज ज्या संकेतस्थळावर भरायचा त्याचं नाव 'स्वावलंबन' आहे. तो भरून घ्यायला नेट कॅफेतल्या पोराच्या हातापाया पडावं लागतं, ते सोडा.

तपासणारे साहेब बहुधा वरच्या मजल्यावर बसतात. जिना चढून गेलात तर "तुम्ही तर चांगले चालता की!" खालीच थांबलात तर गैरहजर. मधल्या पायरीवर बसून राहणं त्यातल्या त्यात सुरक्षित. एप्रिल-मे टाळा मात्र, आपल्याकडचं ऊन टक्केवारी विचारत नाही.

आता भरती. १०० जागांत ४ तुमच्या: दृष्टीच्या गटाला १, श्रवणाच्या गटाला १, हातापायांच्या गटाला १ आणि स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार, बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून १. योग्य उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या भरतीत जाते. तेव्हाही नाही मिळाला तर दुसऱ्या गटाला, आणि तिथंही कुणी नसेल तर धडधाकट माणसाला. तो मात्र लगेच सापडतो. गड्ड्याची जत्रा दर जानेवारीत न चुकता भरते. पुढची भरती कधी, ते विचारू नये.

एवढा धीर नसेल तर चिंचोळी एमआयडीसीत जा. खासगी मालकांनी निदान ५ टक्के दिव्यांग ठेवावेत म्हणून सरकारने त्यांना प्रोत्साहन द्यावं, असं त्याच कायद्यात आहे. 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असंही आहे. मालकाला कायदा दाखवू नका, तो चहा पाजेल आणि मर्यादा सांगेल.

समजा, निवड झाली. पेढे आणू नका इतक्यात. कागदपत्रं तपासताना तुम्हाला पुन्हा वैद्यकीय मंडळाकडे पाठवतील. प्रमाणपत्रावर 'कायमस्वरूपी' लिहिलंय असं बोट ठेवून सांगत बसू नका. वयाच्या दुसऱ्या वर्षी पोलिओनं गेलेला पाय भरती होईपर्यंत परत आला का, हे कुणीतरी बघायला नको?